नदी कुठे ओलांडायची

१२ जानेवारी, रविवार

हेताचा फोन आला!

प्रार्थनाघरातून नुकता परतलो होतो. एक पाय बुटात, एक मोज्यात. तसाच दारात उभा राहून बोललो. नंतर फोनवर पाहिलं — चार मिनिटं अकरा सेकंद. दोन वर्षं सात महिन्यांनी चार मिनिटं अकरा सेकंद.

ऑगस्टमध्ये तिला वरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचंय. पायी, आठ दिवस, एकटी. खुणा केलेल्या वाटा जिथे संपतात तिथून पुढे, आतल्या रानात. "तू तरुणपणी तिथे काम केलंयस ना बाबा? तुझ्याकडे तो नकाशा होता. नदी कुठे ओलांडायची ते त्यावर असेल."

आहे म्हटलं. आहे, आहे. दोनदा म्हटलं.

मग ती म्हणाली, "बरं. घाई नाही." आणि ठेवला.

१३ जानेवारी

पहाटेपासून बर्फ. गाडीला बर्फ ढकलायचा नांगर लावून शाळेपर्यंतचा रस्ता दोनदा साफ केला. केबिनमध्ये एकटा असलो की मी देवाशी बोलतो. आज नुसताच त्याचं नाव घेत बसलो. पुढचं काही सुचेना.

काल मार्केत्ताला सांगितलं, हेताचा फोन होता. ती कणीक मळत होती. "काय म्हणाली?" — नकाशा मागत होती. "मग दे की." झालं! हात थांबले नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. आई आहे ती. सहा मुलांत हेताच तिच्या सगळ्यात जवळची होती. हेतानं आमची धर्ममंडळी सोडली तेव्हापासून मार्केत्ता तिचं नाव काढत नाही. दगड झाली आहे.

१८ जानेवारी, शनिवार

नकाशा सापडला. घड्या फाटलेल्या, मागून कापडी पट्टी लावलेली. कागदाला अजून धुराचा वास येतो!

वयाच्या एकोणीस ते एकवीस, तीन उन्हाळे मी तिथे राहिलो. रानातल्या लाकडी खोल्या बांधत होतो आम्ही — ओंडके हिवाळ्यात बर्फावरून ओढून न्यायचे, भिंती उन्हाळ्यात उभ्या करायच्या. दाराला कडी असायची, कुलूप नाही. निघताना प्रत्येकानं सुकी लाकडं फोडून ठेवायची, ढलप्या काढून ठेवायच्या, काडेपेटी कोरड्या जागी. पुढचा माणूस थंडीनं गारठून आला तर त्याला दोन मिनिटांत आग पेटवता यावी. कोण येणार ते माहीत नसतं. आपला की परका, काय मानतो, काय नाही, विचारायची सोयच नाही. लाकडं फोडायची आणि निघायचं.

गावच्या शाळेपेक्षा मी तिथे जास्त शिकलो असं मला वाटायचं. काय शिकलो कोण जाणे.

नदीचा उतार, म्हणजे ओलांडायची उथळ जागा, नकाशावर पेन्सिलीनं आहे. तिसऱ्या वळणाच्या खाली, पात्र पसरतं तिथे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मीच फोन केला. आकडे दाबताना दोनदा चुकलो. या वयात!

म्हटलं, मी बरोबर आलो तर?

मागे कुठेतरी ट्रॅम, नाही, बस गेल्यासारखा आवाज — ती राहते त्या ओउलूत ट्रॅम कुठली. मग म्हणाली, "आठ दिवस? तू? सुट्टी घेऊन?"

"ऑगस्टमध्ये बर्फ नसतो. रस्ते पळून जात नाहीत."

हसली. हसली ती! मग लगेच सावध झाली. "एक अट आहे बाबा. रानात प्रवचन नाही. मला सुधारायचं नाही. फक्त चालायचं."

कबूल, म्हटलं.

३ फेब्रुवारी

कबूल म्हटलं खरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऊला आला होता. त्याचे रेनडिअर उन्हाळ्यात उद्यानातच चरतात, त्याच्याइतकं ते रान कुणाला माहीत नाही. कॉफीत चीजचे तुकडे टाकून तीन कप प्यायला आणि माझी थट्टा करत बसला.

"लेकीबरोबर आठ दिवस! तू आठ दिवसांत चार वाक्यं बोलतोस तुओमो. त्यातल्या दोन प्रार्थना."

"दोन उरतात ना. पुरतील."

"आणि घास घेण्याआधी डोळे मिटून बसलास तर डास तुझ्या आधी जेवतील. ते आमेनला थांबत नाहीत."

मार्केत्तासुद्धा हसली. ऊला मंडळीतला नाही, कुठल्याच मंडळीतला नाही, पण माणूस चांगला. सामान किती न्यायचं ते त्यानं सांगितलं: वाळलेलं मांस, राईची कडक भाकरी, ओटाचं पीठ, लोणी, कॉफी. "कॉफी विसरलास तर लेक तुला तिथेच सोडून येईल." मग विचारलं, "आणि नदी?"

मी म्हटलं, नदी मला पाठ आहे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग टोपी उचलली आणि निघाला.

२७ फेब्रुवारी

ती गोष्ट इथे कधी लिहिली नाही. आज लिहितो.

तीन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या मुलाचं, योनाचं लग्न होतं. प्रार्थनाघराच्या दारात मी उभा, येणाऱ्यांचं स्वागत करत. आमच्यात आपल्या माणसाला भेटलं की 'देवाची शांती' म्हणतात. बाहेरच्याला 'नमस्कार'. जन्मापासून हा फरक मी श्वास घेतल्यासारखा करत आलो. त्या दिवशी शंभरेक लोकांना देवाची शांती म्हटलं असेल. मग हेता आली. निळा झगा, केस कापलेले. हिवाळ्यात तिनं पत्रानं कळवलं होतं की ती आता मंडळीत नाही.

मी हात पुढे केला. आणि म्हणालो, नमस्कार.

मुद्दाम नाही. रागानंही नाही. तिनंच तसं लिहिलं होतं. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं, आणि देवाच्या नावानं खोटं मी बोलत नाही. तिनं माझा हात हातात घेतला, सोडला. केकला हात लावला नाही. दुपारच्या बसनं गेली.

खरं बोललो होतो मी. या वाक्याशीच मी इतके दिवस अडतो आहे.

९ मार्च, रविवार

हेताशी तिसरा फोन. वीस मिनिटं! मी नकाशा टेबलावर पसरलेला, तिच्याकडे संगणकावर. "पहिल्या दिवशी बारा किलोमीटर? बाबा, तू पन्नाशीला आलास." "तू दहा चाल, मी पुढे जाऊन कॉफी ठेवतो." पुन्हा हसली. तिसऱ्या दिवशी नदी, चौथ्या दिवशी विश्रांती, मी बांधलेल्या खोलीत. तिला ती खोली बघायची आहे. "तुझं नाव कोरलंयस ना तिथे?" नाही कोरलं. आम्हाला परवानगी नव्हती. "एकदा तरी नियम मोडायचास," म्हणाली.

१६ मार्च, रविवार

सभेनंतर कॉफीच्या वेळी कालेर्वो जवळ आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माझ्या वडिलांचे मित्र, मला त्यांनी मांडीवर खेळवलंय. माझा हात दोन्ही हातांत धरला. "उन्हाळ्यात लेकीबरोबर जातोयस म्हणे. देवानंच वाट उघडली रे. घेऊन ये तिला घरी."

मी हो म्हणालो.

मग कॉफीनंतर सगळे पुन्हा बसले आणि कुणासाठी प्रार्थना हवी ते विचारलं, तेव्हा मी उभा राहिलो. ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उभे राहिले. म्हणालो, माझ्या मुलीसाठी, हेतासाठी. रानातल्या त्या आठ दिवसांत तिचं मन मऊ व्हावं म्हणून.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दीडशे माणसं! इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी परतताना, गाडी फाटकाशी आल्यावर मार्केत्ता म्हणाली, "नाव घ्यायला नको होतंस."

"नाव न घेता प्रार्थना कशी करायची?"

"मनात."

२० मार्च, गुरुवार

संपलं.

हेताचा फोन आला. योनानं तिला आधीच कळवलं होतं. भोळा आहे, आनंदानं सांगत होता — अख्खं प्रार्थनाघर तुझ्यासाठी प्रार्थना करत होतं म्हणून.

"माझं मन मऊ व्हायला पाहिजे? माझं?" हेताचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, रानात प्रवचन नाही असं ठरलं होतं. रानात मी काही बोललो नाही अजून.

किती मूर्ख वाक्य! वकिलासारखं. तोंडातून सुटलं आणि ऐकून मलाच लाज वाटली.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "तू रानात पोचायच्या आधीच सुरू केलंस. मी एकटी जाते, बाबा. नकाशा पाठवायचा तर पाठव. नाहीतर राहू दे."

२१ मार्च

मार्केत्ताला सांगितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

७ एप्रिल

रस्त्यांवरचा बर्फ वितळतोय. वर खडी, खाली चिखल. काल केलेला रस्ता आज नाही. दिवसभर ग्रेडरवर, रस्ता सपाट करत.

प्रार्थना करताना शब्द तोंडापर्यंत येतात आणि मला त्यांची शंका येते. तिच्यासाठी मागत होतो की दीडशे माणसांनी माझ्याकडे बघावं म्हणून? त्या दिवशीचं ते हलकं वाटणं — ते कशाचं होतं?

४ मे, रविवार

नकाशा उद्या पाठवतो. पेन्सिलीची खूण पुसट होती म्हणून त्यावर शाईनं ठळक फुली मारली. बाजूला लिहिलं: इथे. पाणी गुडघ्यापर्यंत. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ओलांडायचं, पाय घसरला तर पिशवी टाकता आली पाहिजे.

बरोबर पत्र लिहिलं. फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. नुसता नकाशा पाठवतो आहे.

१२ मे

"मिळाला. थँक्स." एवढंच. पण मिळाला.

२१ जून, शनिवार

मध्यउन्हाळ्याचा सण. योना, त्याची बायको, बाळ, धाकटी चौघं — सगळे आले होते. बर्चच्या कोवळ्या फांद्यांच्या जुड्या बांधल्या, सॉनाच्या वाफेत बसून त्या अंगावर मारून घेतल्या, तळ्यात उड्या मारल्या. बाळाला पहिल्यांदा पाण्यात बुचकळलं, काय किंचाळलं!

जेवताना कुणी हेताचं नाव काढलं नाही. मार्केत्तानं तिच्या आवडीची, मासे भरून भाजलेली रोटी केली होती. हिला आठवत असेल का, की सवयीनं केली?

१४ ऑगस्ट, गुरुवार

ऊला रस्त्यात भेटला. मी ग्रेडर बाजूला घेतला, तो त्याच्या गाडीतून उतरला. वरून आला होता, कपड्यांना रेनडिअरचा वास.

"मग? निघालास की नाही?"

म्हटलं, मी जात नाही. हेता एकटी जाते आहे. सोमवारी.

"एकटी. हं. शहाणी आहे ती, बापापेक्षा. नदी कुठे ओलांडणार?"

तिसऱ्या वळणाच्या खाली.

त्याचं हसू गेलं. टोपी मागे सरकवली. "तुओमो, तिथे आता उतार नाही. सहा वर्षांपूर्वी वसंतात बर्फ अडून बांध झाला होता, पाणी दुसरीकडून फुटलं. नदी सरकली. तिथे आता खड्डा आहे, वरून शांत दिसतो. माझे दोन नर रेनडिअर गेले त्यात. उतार वर आहे, दोन किलोमीटर वर, ओढा मिळतो तिथे."

"फेब्रुवारीत का नाही बोललास?"

"विचारलं होतं. तू म्हणालास, पाठ आहे."

बरोबर. मीच म्हणालो होतो. पंचवीस वर्षं मी रस्ते करतो, दर वसंतात पाणी वाट बदलताना बघतो. आणि तीस वर्षांपूर्वीच्या नदीवर शाईनं फुली मारून ती मुलीला पाठवली!

हेताला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

नऊ फोन. एकही उचलला नाही. मेसेजला उत्तर नाही.

मार्केत्ताला सगळं सांगितलं. ओढा कुठे, खड्डा कुठे, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, "म्हणजे ओढ्याच्या वर की खाली?" मग म्हणाली, "जेव आधी."

"तिचा जीव जाईल तिथे!"

"नाही जाणार."

मी ओरडलो. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. काय काय बोललो — तुला काळीज आहे का, तू आई आहेस का, वर्षानुवर्षं पोरीचं नाव नाही तुझ्या तोंडात. तिनं बादली उचलली आणि काळ्या बेरी खुडायला झुडपांकडे गेली. बेरी!

उद्या सकाळी ओउलूला जातो. गाडीनं चार तास. ती सोमवारी निघेल, त्याआधी गाठलं पाहिजे. देवा, मला तिच्या दारापर्यंत ने. बाकी काही मागत नाही. तिचं मन मऊ कर असंही म्हणत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

सगळं लिहून ठेवतो.

रस्ताभर एकच विचार: दार उघडल्यावर काय म्हणायचं? नमस्कार म्हणणार नव्हतो, ते ठरलं होतं. देवाची शांती म्हणावं तर तिला वाटेल पुन्हा सुरू झालं. साडेतीन तास याच्यावरच गेले. तिसरा मजला. घंटा वाजवली. दार उघडलं, हेता समोर, केस ओले, पायांत लोकरीचे मोजे.

मी ओरडलो, "नदी सरकली आहे!"

असं स्वागत कुणी कुणाचं केलं नसेल.

ती म्हणाली, "माहीत आहे. ओढा मिळतो तिथून जायचं, वरच्या अंगानं. ये आत."

मला कळेचना. मेसेज मिळाला का? "तोही मिळाला. पण आईनं आधीच सांगितलं. काल फोन आला होता." मग मान खाली घालून म्हणाली, "तुला उत्तर देणार होते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं."

नकाशा टेबलावरच होता. माझ्या शाईच्या फुलीवर तिनं आडवी रेघ मारली होती, आणि वर, ओढ्याशी, नवी खूण. व्यवस्थित, हिरव्या पेननं.

म्हणजे माझं काम झालेलंच होतं. चार तास जो निरोप छातीशी धरून आलो त्याची गरजच नव्हती. आता दारात उभं राहायला मला कारण उरलं नाही.

मग म्हटलं, "हेता, लग्नाच्या दिवशी, दारात —"

"कुठलं दार ते माहीत आहे, बाबा."

"मला क्षमा कर. त्या दाराबद्दल. आणि मार्चमधल्या प्रार्थनेबद्दल."

आमच्यात क्षमा मागितली की समोरचा ठरलेले शब्द म्हणतो, डोक्यावर हात ठेवतो, आणि ती गोष्ट तिथे संपते. हेताला ते शब्द बोलायला लागल्यापासून पाठ आहेत. लहानपणी भावंडांशी भांडून झालं की रोज म्हणायची. मी वाट बघत उभा राहिलो. म्हातारा होत आलेला माणूस, हातात टोपी.

तिनं नकाशाची घडी घातली. मग म्हणाली, "ते शब्द आता माझे नाहीत. म्हटले तर खोटं होईल."

माझीच मुलगी! मी त्या दारात जे केलं तेच तिनं केलं, त्याच कारणासाठी. खोटं बोलली नाही. कसं लागतं ते मला आज कळलं.

"मग तुझे जे असतील ते," मी म्हणालो.

ती विचार करत राहिली. खरोखर विचार करत होती, चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी म्हणाली, "बूट काढ. कॉफी टाकते."

दोन तास बसलो. तिनं आठ दिवसांचा बेत दाखवला, मी बांधलेली खोली चौथ्या दिवशी आहे. मी म्हटलं, दार जरा अडतं, खालून उचलून ढकलायचं. तिनं ते लिहून घेतलं. कागदाच्या तळाशी 'वेळेत परतले नाही तर इथे कळवा' असं होतं आणि पुढे मार्केत्ताचा नंबर. मी बघितला आणि कागद परत दिला. बरोबर येऊ का, ते विचारलं नाही. तिनंही म्हटलं नाही.

निघताना जिन्यापर्यंत आली. "आता झोप लागते का तुला, बाबा?"

हो म्हटलं. मग म्हटलं, नाही.

"बरं," म्हणाली, आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.

निम्म्या वाटेवर गाडी बाजूला घेतली. मला झोप लागत नाही हे मी मार्केत्ताखेरीज कुणालाच सांगितलेलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

मार्केत्ताला विचारलं — झोपेचं हेताला कुणी सांगितलं?

"मी."

"परवा? नदीचं सांगताना?"

ती बटाटे सोलत होती. "बोलतो आम्ही. दर बुधवारी, मी कामावर असते तेव्हा, शाळेच्या स्वयंपाकघरातून. योनाच्या लग्नानंतरच्या बुधवारपासून."

मला का नाही सांगितलंस?

"तू विचारशील म्हणून थांबले होते."